चालींचा धनी : गोविंदराव टेंबे

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीने ‘संगीत मानापमान’चा पहिला प्रयोग लावला. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली. प्रयोग पुढे ढकलावा असे मंडळीतल्या जाणत्यांना वाटत होते, पण बालगंधर्वांनी ऐकले नाही. ते रंगायला बसले आणि भामिनी होऊन प्रेक्षकांसमोर उभे राहिले. ही हकिकत महाराष्ट्रात शंभरहून अधिक वर्षे सांगितली जाते आणि सांगितली जावी अशीच आहे. तिच्या आड मात्र त्या प्रयोगाची दुसरी गोष्ट झाकली गेली. भामिनीच्या तोंडी त्या दिवशी जे सूर आले, ते मराठी रंगभूमीने तोवर ऐकलेले नव्हते. ते सूर योजणारा माणूस २९ वर्षांचा होता. कोल्हापूरकडचा, वकिलीच्या वाटेने निघून पेटीच्या नादी लागलेला. नाव गोविंद सदाशिव टेंबे.

मराठी नाटकाच्या इतिहासात ‘संगीतकार’ हा वेगळा माणूस म्हणून उभा राहतो तो टेंब्यांपासून. त्यांच्याआधी संगीत नव्हते असे नाही. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’चा प्रयोग झाला, तेव्हापासून मराठी नाटक म्हणजे गाणे हे समीकरण पक्के झाले होते. पण त्या गाण्याच्या चाली ठरवत होता नाटककार. अण्णासाहेब किर्लोस्करांना कीर्तन, साक्या, दिंड्या, लावण्या आणि कर्नाटकातल्या चाली यांची उत्तम जाण होती. नाटक लिहितानाच ते पदाला कुठली चाल लावायची ते मनाशी ठरवत. भाऊराव कोल्हटकर, मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर यांच्यासारखे गळे हाताशी होते आणि ते त्या चाली खुलवत. पुढे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘वीरतनया’पासून पारशी-उर्दू रंगभूमीच्या चटकदार चाली आणल्या. तेही लेखकच. चाली आजूबाजूच्या हवेत असत; लेखकाने त्या उचलायच्या, शब्द बसवायचे आणि नटाने गायच्या, असा तो व्यवहार होता.

या व्यवहाराची खूण जुन्या छापील नाटकांत अजून पाहायला मिळते. पदाच्या डोक्यावर बारीक टायपात एक ओळ असते : राग अमुक, ताल अमुक, आणि पुढे ‘चाल’ असे लिहून एखाद्या हिंदी चिजेचे किंवा जुन्या मराठी पदाचे पहिले शब्द. नाटक वाचणारा ती ओळ ओलांडून थेट पदावर येतो. पण नाट्यसंगीताचा इतिहास शोधायचा तर तो या बारीक टायपातच आहे. पद कुठून आले, कोणाच्या गळ्यातून आले, कुठल्या गावच्या कुठल्या बैठकीतून आले, याचा तो पत्ता असतो. ‘मानापमान’च्या पदांचे पत्ते पाहिले की ध्यानात येते, हा माणूस आधीच्यांच्या वाटेने गेलेला नाही.

टेंब्यांचा जन्म ५ जून १८८१ चा. वाढले ते कोल्हापुरात. त्या काळच्या कोल्हापुराचे भाग्य असे, की शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादियाखाँसाहेब तिथे येऊन राहिले होते. गावात देवल क्लबासारखी गाण्याची बसा-उठायची जागा होती. कुस्ती, गाणे आणि नाटक या तिन्हींवर सारखेच प्रेम करणारे ते गाव. अशा गावात पेटीला हात लावलेल्या मुलाला गुरू शोधत फिरावे लागत नाही. कान उघडे ठेवले की पुरते. टेंबे पेटी बहुतांशी स्वतःच शिकले. पेटी हे त्या वेळी नाटकातले आणि कीर्तनातले सोयीचे वाद्य होते. त्यावर गायकी वाजवता येईल ही कल्पनाच नवी होती. टेंब्यांनी ती खरी करून दाखवली. पेटीचे सूर मुळात सुटे. मिंड त्यांतून निघत नाही. तरीही गाणाऱ्याचा श्वास कुठे तुटतो आणि कुठे तो जाणूनबुजून ताणतो हे ओळखून पट्टीवर बोट ठेवले, की ऐकणाऱ्याला सूर वाहल्याचा भास होतो. हे ओळखायला गाणे आतून ठाऊक असावे लागते.

ते आतून ठाऊक होण्याचे श्रेय टेंबे भास्करबुवा बखल्यांना देत. भास्करबुवा म्हणजे आग्रा, ग्वाल्हेर आणि जयपूर या तिन्ही घराण्यांची विद्या एका गळ्यात मुरवलेले गवई. टेंबे त्यांच्या बैठकींना पेटीच्या साथीला बसत. अल्लादियाखाँसाहेबांकडे त्यांनी गंडा बांधून तालीम घेतली नाही, पण त्यांच्या गाण्याचा संस्कार आयुष्यभर मिरवला. या दोन गायकांची नावे इथे आवर्जून घ्यायचे कारण पुढे येईल. तूर्त एवढेच सांगतो, की या दोघांच्याही आवाजाची एकसुद्धा ध्वनिमुद्रिका नाही.

‘मानापमान’ लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे केसरीच्या तालमीत घडलेले गद्य नाटककार. त्यांच्या ‘कीचकवधा’वर सरकारने १९१० मध्ये बंदी घातली होती. टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. अशा वेळी खाडिलकर संगीत नाटकाकडे वळले, आणि ते त्यांचे पहिलेच संगीत नाटक. त्यांनी भामिनी नावाची एक श्रीमंत, मानी मुलगी उभी केली. ती गरीब सेनापती धैर्यधराला झिडकारते; मग वनमाला बनून त्याच्या छावणीत जाते आणि तिथे त्याच्या प्रेमात पडते. लक्ष्मीधर हा पैशाने फुगलेला भित्रा माणूस. गोष्ट सरळ आहे. पण भामिनीच्या मनाची अवस्था पदोपदी बदलते : तोरा, राग, कुतूहल, लाज, ओढ, आणि पुन्हा रुसवा. एवढे सगळे साकी-दिंडीत मावणारे नव्हते.

टेंब्यांनी इथे पूरब अंगाची ठुमरी, दादरा, होरी यांच्याकडे हात टाकला. ही त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी उडी. बनारस-लखनौकडचे हे गाणे शब्दाच्या अंगाने जाते. एकच तुकडा घेऊन गाणारी तो पाच रीतींनी म्हणते. पहिल्यांदा विनवणी, मग टोमणा, मग लाडिकपणा, मग खरेच दुखावल्याची कळ. शब्द तेच, भाव वेगळे. मानी नायिकेचे मन दाखवायला याहून चांगले साधन कुठले? ख्यालात राग मोठा असतो आणि शब्द त्याच्या मागे चालतो. ठुमरीत शब्द पुढे येतो आणि राग त्याला वाट करून देतो. नाटकाला हवे असते नेमके हेच, कारण प्रेक्षकाला भामिनी काय म्हणते ते ऐकू यायला हवे. आणि हे पेलायला बालगंधर्वांसारखा गळा मिळाला : हलका, फिरता, भावाच्या सूक्ष्म छटा पकडणारा.

हे गाणे मराठी प्रेक्षकाला अगदीच अनोळखी होते असेही नाही, आणि त्याचे एक कारण ग्रामोफोन हे होते असे मला वाटते. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायस्बर्ग याने ठुमरी-दादरा गाणाऱ्या गौहरजानचा आवाज ध्वनिमुद्रित केला. सुरुवातीच्या तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला छापून बोटीने परत येत. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला आणि तबकडी इथेच दाबली जाऊ लागली. तोवर लाख हिंदुस्थानातून जायची आणि गाणे होऊन परत यायची. आता दोन्ही कामे याच मातीत होऊ लागली. ‘मानापमान’ रंगभूमीवर आले तेव्हा गौहरजान तबकड्यांवर गाऊ लागून आठ वर्षे उलटली होती. ज्याने बनारस कधी पाहिले नाही, कोठीची पायरी चढण्याचा ज्याच्या घरी विचारही झाला नसता, त्या माणसाच्या कानांवरही मित्राच्या दिवाणखान्यात दादरा पडला होता. टेंब्यांनी रंगभूमीवर तो आणला तेव्हा प्रेक्षकांचे कान अर्धे तयार होते.

चालींच्या निवडीइतकेच महत्त्वाचे होते चाली वाटण्याचे काम. भामिनीला ठुमरी-दादऱ्याचे लालित्य, तर धैर्यधराला रणांगणावरच्या माणसाला शोभेल असा ठसठशीत डौल. ज्या नटाला जो गळा आणि ज्या पात्राला जो स्वभाव, तसे गाणे. आज हे आपल्याला साधे वाटते. त्या वेळी एका माणसाने संपूर्ण नाटकाचे गाणे एका डोळ्याने पाहणे हीच नवी गोष्ट होती. खाडिलकर शब्दांचे धनी, टेंबे चालींचे धनी, अशी वाटणी मराठी नाटकात प्रथमच स्पष्ट झाली. पुढे ‘स्वयंवरा’ला भास्करबुवा, ललितकलादर्श आणि बळवंत मंडळीला वझेबुवा, गंधर्व मंडळीच्या उत्तरकाळात मास्तर कृष्णराव, मग केशवराव भोळे, आणि स्वातंत्र्यानंतर जितेंद्र अभिषेकी, ही जी रांग लागली तिच्या डोक्यावर टेंबे उभे आहेत.

नाटक गाजले, पण कंपनीचे दिवस बरे राहिले नाहीत. धैर्यधर करणारे नानासाहेब जोगळेकर त्याच वर्षी वारले. मंडळीत कुरबुरी वाढल्या. त्यानंतर १९१३ च्या जुलैत बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली. टेंबे तिथे मालक, संगीतकार आणि नायक अशा तिन्ही नात्यांनी होते. बालगंधर्वांसमोर ते स्वतः नट म्हणून उभे राहिले. भागीदारी टिकली नाही. थोड्याच काळात ते बाहेर पडले, स्वतःची शिवराज मंडळी काढली, तिच्यासाठी पुढे नाटकेही लिहिली. शिवराजला गंधर्व मंडळीचे वैभव कधी लाभले नाही. कलावंताने कंपनी चालवावी आणि कर्जात जावे हा त्या काळच्या मराठी रंगभूमीचा नेमच होता. खुद्द बालगंधर्वही त्यातून सुटले नाहीत.

१९१६ च्या डिसेंबरात गंधर्व मंडळीने ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आणले आणि त्याच्या चाली भास्करबुवांनी दिल्या. इथे ख्यालाचे राग, अस्सल बंदिशी, भरदार गाणे. प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतले. नाट्यसंगीताच्या चर्चेत ‘मानापमान’ आणि ‘स्वयंवर’ यांची तुलना करून एकाला वरचे स्थान देण्याची जुनी खोड आहे. माझ्या मते ती तुलना फोल आहे. टेंब्यांनी दार उघडले नसते तर भास्करबुवांना रंगभूमीवर यायला वाटच नव्हती. नाटकाच्या चाली गवयाने द्यायच्या असतात हे ‘मानापमान’ने ठरवून टाकले होते.

आता तबकड्यांकडे येऊ. नाट्यपदे ग्रामोफोनवर येऊ लागली तेव्हा नाट्यगृहातले गाणे आणि तबकडीवरचे गाणे यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. नाट्यगृहात बालगंधर्व एक पद घेत, प्रेक्षक ‘वन्स मोअर’ म्हणत, ते पुन्हा घेत, दर वेळी नवी जागा काढत. पाव तास कुठे गेला ते कळत नसे. मागे पायपेटीचा ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि पुढच्या काळात अहमदजान थिरकवांचा तबला. तबकडीची एक बाजू मात्र तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. १९२५ च्या आधी तर मायक्रोफोनही नव्हता. गाणाऱ्याने एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून गायचे. त्या कर्ण्याला जोडलेला पडदा हलायचा, त्याला लावलेली सुई फिरत्या मेणात रेघ कोरायची. तान जोरात घ्यायची तर मान मागे घ्यायची, नाहीतर सुई उडायची. वादकांनी आपापल्या वाद्याच्या आवाजाप्रमाणे जवळ-लांब बसायचे. चूक झाली की ते मेण टाकून द्यायचे आणि पहिल्यापासून सुरुवात.

अशा अवस्थेत काय उरते? विस्तार गळतो, वन्स मोअर गळतो, प्रेक्षकांची दाद गळते. उरतो तो चालीचा सांगाडा आणि गाणाऱ्याची मोजकी कारागिरी. म्हणजे तबकडीवर संगीतकार उलट अधिक उघडा पडतो. तीन मिनिटांत पद उभे राहते की नाही, हे जितके गळ्यावर तितकेच चालीवर. ‘मानापमान’ची पदे तिथेही उभी राहिली. बालगंधर्वांनी गायलेल्या भामिनीच्या पदांच्या तबकड्या आजही ऐकल्या जातात. खरखर पार करून कान आत गेला, की तो लाडिक रुसवा, तो ओळीच्या शेवटी अलगद सोडलेला सूर समोर येतो. पण त्या तबकडीच्या लेबलवर काय असे? गाणाऱ्याचे नाव, नाटकाचे नाव, फार तर राग-ताल. चाल कोणाची, हे लिहायची रीत सहसा नव्हती. छापील नाटकातल्या त्या बारीक टायपात निदान चालीचा पत्ता तरी असे. लेबलवर तोही उरला नाही. पिढ्यान् पिढ्या लोकांनी ही पदे बालगंधर्वांची म्हणून ओळखली.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेल्या संयुक्त ‘मानापमाना’चेही असेच झाले. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळींनी एकत्र येऊन तो प्रयोग केला. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. कोणाचे गाणे वरचढ झाले यावर महाराष्ट्र वर्षानुवर्षे वाद घालत राहिला. अवघ्या तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, केशवराव वारले आणि तो प्रयोग दंतकथा झाला. त्या वादात दोन्ही बाजूंचे गाणे एकाच माणसाच्या चालींवर उभे होते, याची आठवण फार थोड्यांना राहिली. दोन वाघांची झुंज लावता येईल असे मैदान ज्याने आखले त्याचेही काही श्रेय आहे की नाही?

याची तिसरी पायरी मास्टर दीनानाथ. बळवंत संगीत मंडळीत त्यांनी धैर्यधर केला आणि पदांच्या चाली आपल्या स्वभावाप्रमाणे बदलल्या. पंजाबी अंगाच्या चपळ, अणकुचीदार तानांनी त्यांनी ती पदे अशी काही पेटवली, की आज आपण धैर्यधराची पदे ऐकतो ती बहुतेक दीनानाथांच्या वळणाची. त्यांच्या तबकड्यांनी ते वळण घरोघरी पोचवले. यात कोणाचा अपमान नाही. चाल जिवंत असेल तरच तिच्यात बदल करावासा वाटतो. पण यामुळे टेंब्यांचा मूळ धैर्यधर कसा गात होता, याचा अंदाज ऐकणाऱ्याला आज तबकडीवरून सहजी करता येत नाही. तबकडीने एक गोष्ट जपली आणि तेवढ्यापुरती दुसरी पुसली.

मग टेंब्यांचा स्वतःचा आवाज कुठे सापडतो? उत्तर रंगभूमीवर नाही, पडद्यावर आहे.

१४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ने हिंदुस्थानी चित्रपटाला वाचा दिली. कोल्हापुरातल्या प्रभात फिल्म कंपनीने मूकपटांत नाव कमावले होते; बोलपट काढायचा तर बोलणारा आणि गाणारा नट हवा होता. त्यांनी आपल्याच गावच्या टेंब्यांना बोलावले. ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट म्हणून ओळखला जातो. तो १९३२ च्या फेब्रुवारीत मुंबईला लागला. दिग्दर्शन व्ही. शांतारामांचे, संगीत टेंब्यांचे, आणि राजा हरिश्चंद्रही तेच. तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. तारामती होत्या दुर्गा खोटे. ज्या माणसाने वीस वर्षांपूर्वी पुरुषाने करायच्या भामिनीसाठी चाली बांधल्या, त्याच्यासमोर आता सुशिक्षित, घरंदाज कुटुंबातली स्त्री नायिका म्हणून उभी होती आणि स्वतःच्या गळ्याने गात होती. मराठी करमणुकीच्या जगात वीस वर्षांत केवढा पालट झाला, हे टेंब्यांच्या एकट्याच्या कारकिर्दीवरून मोजता येते.

पार्श्वगायन तेव्हा नव्हते. ते १९३५ नंतर रुळले. नटाने कॅमेऱ्यासमोर अभिनय करत करतच गायचे. पेटी, तबला, सारंगीवाले चौकटीच्या बाहेर दडून बसत. मायक्रोफोन कुठेतरी लपवलेला. नट मान वळवून दूर गेला तर आवाज गेला. म्हणून चालणे-फिरणेही मायक्रोफोनच्या बेताने. विष्णुपंत दामल्यांनी ध्वनीची बाजू सांभाळली आणि त्या काळाच्या मानाने ती फार स्वच्छ सांभाळली.

हा चित्रपट सुदैवाने वाचला आणि आजही पाहायला मिळतो. त्यात हरिश्चंद्र बोलतो तेव्हा बोलण्याची लय रंगभूमीची आहे : शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायची सवय लागलेली, सावकाश, प्रत्येक अक्षर मोकळे सोडणारी. गाताना मात्र तो आवाज वेगळा होतो. बालगंधर्वांचा फिरता गळा किंवा दीनानाथांची तडफ त्यात नाही. आवाजाची जातच साधी. पण चाल नेमकी कुठे वळवायची हे ठाऊक असलेल्या माणसाचे ते गाणे आहे. उगाच तान नाही, शब्दावर उगाच भार नाही. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी चाली बांधल्या, तो स्वतः गातो तेव्हा चालीची हाडे दिसतात. दुर्गाबाईंची अंगाईही अशीच साधी. शिकलेल्या गवईणीचा आव न आणता आईने म्हणावी तशी.

त्या काळात टेंब्यांनी प्रभातसाठी झपाट्याने काम केले. ‘अग्निकंकण’, ‘मायामच्छिंद्र’, ‘सिंहगड’, ‘सैरंध्री’ हे सगळे १९३२-३३ मधले. ‘मायामच्छिंद्रा’त ते पुन्हा नायक. ‘सैरंध्री’ जर्मनीत रंगीत करून आणण्याचा प्रभातचा प्रयोग फसला, पण तो धाडसाचा होता. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली आणि तिथे टेंब्यांच्या जागी आधी केशवराव भोळे, मग मास्तर कृष्णराव आले. भोळ्यांनी पार्श्वसंगीताला आणि छोट्या, अर्थवाही गाण्याला जे वळण दिले ते टेंब्यांच्या रंगभूमीवरून आलेल्या संगीतापेक्षा चित्रपटाला अधिक मानवले, हे मान्य करायलाच हवे. टेंबे पडद्यासाठी जन्मलेले नव्हते. त्यांनी पडद्याला पहिला सूर दिला, एवढे त्यांचे काम.

उरलेले आयुष्य त्यांनी लिहिण्यात घातले, आणि हा त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत कमी चर्चिला गेलेला भाग. ‘माझा संगीत व्यासंग’ हे त्यांचे पुस्तक मराठीत संगीतावर लिहिलेल्या उत्तम पुस्तकांपैकी आहे. भास्करबुवा, अल्लादियाखाँ आणि त्या काळातल्या गायक-गायिकांना प्रत्यक्ष ऐकलेला, त्यांच्या शेजारी साथीला बसलेला माणूस ते लिहितो आहे. ज्या दोघांची एकही ध्वनिमुद्रिका नाही असे वर म्हटले, त्यांच्या गाण्याचा सर्वांत विश्वासू साक्षीदार आपल्याला टेंब्यांच्या गद्यातच भेटतो. कर्ण्याला जे पकडता आले नाही ते त्यांनी शब्दांत पकडायचा प्रयत्न केला. आणि भास्करबुवांच्या चाली तबकड्यांवर पोचल्या त्या बालगंधर्वांच्या गळ्यातून. म्हणजे न ध्वनिमुद्रित झालेल्या गवयाचा माग ‘स्वयंवरा’च्या पदांतूनच लागतो. एका पिढीचे गाणे असे तुकड्या-तुकड्याने, कोणाच्या चालीत, कोणाच्या आठवणीत, कोणाच्या गळ्यात विखरून आपल्याकडे आले आहे.

१ मार्च १९४० रोजी ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. पेटीचे पक्के सूर हिंदुस्थानी रागांच्या श्रुतींना मानवत नाहीत, हे कारण. ही बंदी तीस वर्षांहून अधिक टिकली. पेटीला गायकीचा मान मिळवून देणाऱ्या या माणसाच्या आयुष्याची शेवटची पंधरा वर्षे अशी गेली, की सगळ्या देशाच्या घराघरांत गाणे पोचवणाऱ्या माध्यमावर त्याच्या वाद्याला प्रवेश नव्हता. तबकडीच्या युगात त्यांचे नाव लेबलवर नव्हते, आणि रेडिओच्या युगात त्यांच्या वाद्याला माइक नव्हता. तरी उतारवयातही त्यांचे काम थांबले नाही. ‘महाश्वेता’, ‘जयदेव’ यांसारख्या संगीतिका त्यांनी लिहिल्या. ९ ऑक्टोबर १९५५ रोजी ते गेले.

‘मानापमान’ मात्र गेले नाही. २०२५ च्या जानेवारीत त्यावर नवा मराठी चित्रपट आला, नवे संगीत घेऊन. नाट्यसंगीताच्या मैफली आजही पुणे-मुंबई-सांगली-गोव्यात होतात, स्पर्धांमधून मुले भामिनीची आणि धैर्यधराची पदे गातात, निवेदक उत्साहाने सांगतो : बालगंधर्वांचे पद, दीनानाथांचे पद. मैफलींच्या आयोजकांना, स्पर्धांच्या परीक्षकांना आणि जुन्या ध्वनिमुद्रिका नव्याने प्रसिद्ध करणाऱ्यांना एक विनंती आहे. गाणाऱ्याच्या नावाबरोबर चाल देणाऱ्याचे नाव घ्या. नाटक खाडिलकरांचे, चाल गोविंदराव टेंब्यांची. दीनानाथांनी बदलली असेल तर तेही सांगा. मराठी भावगीताच्या कार्यक्रमात कवी आणि संगीतकार यांचे नाव घेतल्याशिवाय गाणे सुरू होत नाही. नाट्यपदाला तोच मान द्यायला अजून उशीर झालेला नाही.